घोडी उठते तेव्हा

३ फेब्रुवारी

आज सकाळी खिडक्या उघडल्या, टेबलांवरचा रबराचा भुगा झटकला, कालच्या कपबशा विसळल्या आणि फरशी पुसायला घेतली. मान खाली. आमच्या या ऑफिसात पोराटोरांसाठी हाताने काढलेले कार्टून सिनेमे बनतात. आधी सशाचा चालला होता तेव्हा बरी करमणूक होती! आता वर्षभर रानघोडीचा चाललाय. भिंतभर घोडेच घोडे. म्हणून मान खाली.

हे जाऊन अकरा महिने झाले. जन्मभर तबेल्यात घोड्यांची उस्तवार केली, आणि शेवटी घोडीच अंगावर आली. ओल्या उतारावर तिचा पाय घसरला. हे लगाम धरून शेजारी चालत होते, तिच्या छातीखाली सापडले. तबेल्यातली माणसं सांगत आली — "वहिनी, किती हाकललं, उठेचना! शेवटी ती तशीच पडलेली असताना त्यांना ओढून काढलं." पुढे दोन दिवस दवाखाना. मग संपलं.

उठेचना! तेवढा एक शब्द माझ्या डोक्यात अडकून बसलाय.

दुपारी तबेल्याच्या मालकांचा पुन्हा फोन. "वहिनी, त्या घोडीवर आता कोणी बसायला मागत नाही. विकू का? म्हातारं जनावर, घेणारा कुठे नेईल ते तुम्हाला कळतंच. पण तुमच्या शब्दाशिवाय करणार नाही."

म्हटलं, महिनाअखेर सांगते. मनात म्हटलं, विका मेलीला.

४ फेब्रुवारी

आज मान वर झालीच. दिवसभर कानावर पेन्सिल ठेवून हिंडणारा चित्रकार — मी त्याला पेन्सिलराव म्हणते — ओरडला, "मावशी, बादली ठेवा आणि इकडे या! आमची घोडी पहिल्यांदा चालतेय!"

पडद्यावर नुसत्या रेघा. रंग नाही, डोंगर नाही. आणि त्या रेघा चालायला लागल्या! कान मागे वळला. कातडी थरथरली, माशी बसल्यासारखी. एका सेकंदाला चोवीस कागद लागतात म्हणे. ते कागद मी रोज उचलून ठेवते. हे लिहितेय तेही टाकून दिलेल्या कागदाच्या पाठीवरच. कागदाला जीव येतो? मी तोंडाला पदर लावून उभी राहिले. राग कुठे गेला होता तेवढा वेळ, कोण जाणे.

मग ती पिल्लासकट वादळात दरडीखाली पडली, आणि उठली. तिथे खटकलं. चूक आहे!

५ फेब्रुवारी

बोलले नाही. आपण लादी पुसणाऱ्या.

६ फेब्रुवारी

बोलले! चष्मेवाल्या बाईंनाच गाठलं. सगळा सिनेमा त्यांच्या हाताखाली चालतो. "बाई, तुमची घोडी गाईसारखी उठते. गाय आधी मागचं अंग उचलते. घोडा आधी पुढचे पाय रोवतो, मग मागून जोर देतो."

पेन्सिलराव हसला. "मावशी, घोड्यांचा क्लास कधी लावलात?"

"मी नाही लावला. घरातच मास्तर होते."

बाई म्हणाल्या, "करून दाखवाल?"

पदर खोचला आणि पसरले की फरशीवर कुशीवर! आदल्या तासाला मीच पुसलेली, म्हणून बरं. गुडघे करकरले. हे तबेल्यातून आले की पोरीला हसवायला घरात असेच लोळायचे, ते सगळं अंगात होतं. "हे बघा. आधी कुशीवरून छातीवर यायचं. सगळा भार छातीवर. मग पुढचे पाय लांब. मग मागून रेटा." पेन्सिलराव फोनवर माझा व्हिडिओ काढत होता. लाज वाटली नाही.

बाईंनी विचारलं, "आणि तिचं पिल्लू तिच्या छातीपाशी अडकलंय, त्याचं?"

मी पटकन बोलून गेले, "अहो, मग ती उठणारच नाही! छातीवर आली की पिल्लू चिरडेल. ते निघेपर्यंत पडून राहायला हवं तिने."

बोलले, आणि तशीच बसले फरशीवर.

बाई म्हणाल्या, "मावशी, पाणी देऊ का?"

७ फेब्रुवारी

कामात लक्ष नाही. दोनदा तीच खोली पुसली.

२७ फेब्रुवारी

तीन आठवडे खपून चित्रकारांनी तो पडण्या-उठण्याचा सगळा प्रसंग नव्याने काढला. "मुलांना फरक कळणार नाही," असं वरचं कोणीतरी म्हणालं होतं. "मला कळतोय ना," बाई म्हणाल्या. आज सगळ्यांना बसवून दाखवलं. मला पुढची खुर्ची.

वादळ. दरड. घोडी कोसळली, पिल्लू खाली. आणि ती पडून राहिली. पाऊस डोळ्यात जातोय, वीज पडतेय, सगळा कळप पळून गेला, पाय नुसते ताणले जाताहेत — पण ती उठत नाही! किती वेळ! पिल्लू बोटभर, बोटभर सरकत निघालं. मग ती छातीवर आली, पाय रोवले आणि उभी राहिली. आभाळाएवढी. करकरणारे गुडघे माझे होते.

इतकं मोठं काही मी जन्मात पाहिलं नाही.

दवाखान्यात हे म्हणाले होते, "तिला बोल लावू नकोस." मला वाटलं, यांचा जीव घोड्यांतच. अडाणी मी. ती उठली असती तर हे तिथल्या तिथे गेले असते. तिला ते कळलं होतं की ती नुसती भेदरली होती, कोण सांगणार? पण पडून राहिली. म्हणून मला दोन दिवस मिळाले. त्या दोन दिवसांत आम्ही लग्नापासून बोललो नव्हतो इतकं बोललो.

ते दोन दिवस तिचे. आणि मी अकरा महिने तिला शिव्या मोजल्या.

२८ फेब्रुवारी

रजा टाकली. पहिल्या बसने तबेल्यात गेले. मालकांना म्हटलं, ही कुठे जाणार नाही. मग ब्रश मागून घेतला आणि दुपारपर्यंत तिला खरारा केला.