कॅराव्हॅनच्या छतावरचं वजन

१८ ऑक्टोबर

आज छत उचललंच नाही. आत उभी राहून दोन्ही हातांनी ढकललं, मग खांदा लावला. पुढची बाजू वीतभर वर गेली, मागची जागची हलली नाही. संगमेश बाहेरून सांगत होता — "सगळा जोर एकदम लाव." लावला. खांद्यात कळ गेली तेव्हा सोडून दिलं.

कॅराव्हॅन घेतली तेव्हा पुण्याचे ते डॉक्टर म्हणाले होते, "वहिनी एका हातानं उचलतील." खरंच उचलायचे मी. प्रवासात छत खाली बसवायचं, मुक्कामाला आतून वर ढकलायचं, कडेचं कापड ताणलं गेलं की माणूस आत ताठ उभा राहतो. बोलेरोच्या मागं ओढायचा एवढासा डबा, पण त्याचं हेच मला आवडलं होतं. तेव्हा छतावर काही नव्हतं.

आता सोलरच्या दोन प्लेटा आहेत. सामानाचं कॅरिअर आहे. आणि परवापासून एसी.

वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून माझ्या नवऱ्याला रोज काहीतरी कुठंतरी बसवायला लागतं.

२१ ऑक्टोबर

खरं तर आम्ही दोघंच जाणार होतो. गोकर्णपासून खाली, समुद्राच्या कडेकडेनं, कंटाळा येईपर्यंत. लातूरच्या नणंदबाई अव्वांना, म्हणजे सासूबाईंना, ठेवून घेणार होत्या. दसऱ्याला फोन आला — माझेच गुडघे धरलेत, मला जमायचं नाही. त्यांचंही खोटं नाही.

मग संगमेश म्हणाला, अव्वाला घेऊनच जाऊ. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून छत वाढतंय. अव्वांना उकडेल म्हणून एसी. एसीला वीज लागते म्हणून प्लेटा. त्यांची चाकाची खुर्ची आणि कमोडची खुर्ची आत मावत नाही म्हणून कॅरिअर. एकेक गोष्ट बरोबरच आहे. म्हाताऱ्या सासूला एसी नको, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

अव्वांचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना उठवणं, बसवणं, अंघोळ, सगळं माझ्याकडं. त्या कुरकुर करत नाहीत. कधी कधी वाटतं, केली असती तर बरं झालं असतं. मलाही जरा करता आली असती.

२७ ऑक्टोबर

खांद्याला शेक. वेणी घालायला हात मागं जात नाही.

४ नोव्हेंबर

दिवाळी झाली. पाहुणे गेले. फराळाचे डबे अर्धे तसेच.

संगमेशनं आज छताचं वजन केलं. बाथरूममधला वजनकाटा कॅराव्हॅनमध्ये नेला, त्यावर लाकडी दांडा उभा केला आणि छताची एकेक बाजू त्यावर टेकवली. मी वाकून आकडे वाचले, त्यानं मांडले. वर घातलेलं सामान जवळजवळ छताच्या स्वतःच्या वजनाएवढं भरलं. आणि एसी मागं असल्यामुळं त्यातलं बरंचसं मागच्या बाजूला.

मी म्हटलं, गाडीबरोबर जे पुस्तक आलंय त्यात तीस किलोच्या वर घालू नका असं छापलंय.

"कंपनीवाले मुद्दाम कमी लिहितात," संगमेश म्हणाला. "वजनाचा प्रश्न नाही. उचलणाऱ्या दांड्यांचा प्रश्न आहे. दांडे दमदार घालू."

माझ्या खांद्याबद्दल काही विचारलं नाही. विसरला असेल.

९ नोव्हेंबर

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत युवराजचं वर्कशॉप आहे. ट्रकच्या बॉड्या बांधतो. त्यानं जुने गॅसचे दांडे काढून जाडजूड घातले — मोटारीची डिकी उचलून धरतात तसलेच, पण मोठे. कडी काढली की छत आपोआप वर जातं. संगमेशनं चार वेळा करून दाखवलं. लहान मुलासारखा हसत होता.

खाली आणायला मात्र मला छताला बांधलेल्या पट्ट्याला लोंबकळावं लागतं. पाय जमिनीवरून सुटतात.

मी युवराजला विचारलं, "एवढा जोर हे दांडे करतात, तो सगळा कुठं जातो?"

"फ्रेमच्या लाकडात जातो की, वहिनी. काय होत न्हाय. लई घट्ट हाय."

बरं.

१७ नोव्हेंबर

झालं तसं लिहिते.

सकाळी होटगी रोडवरून डबा ओढत एक फेरी मारून आणला. रस्ता खोदून ठेवलाय, दणके बसले. घरी आल्यावर दारातच छत वर केलं. संगमेश म्हणाला, अव्वाला आत बसवून एसी लावून बघू, प्रवासात अडायला नको. मी नि तो दोघांनी धरून त्यांना पायरीवरून आत घेतलं. मागच्या पलंगावर बसवलं. एसी सुरू केला. अव्वा पदर आवळून बसल्या.

आधी मला वाटलं कुणीतरी बाहेर फळी मोडली. लाकूड फाटल्याचा आवाज. मग मागचं छत एका बाजूनं खाली यायला लागलं — एकदम नाही, आधी थोडं, मग जास्त. संगमेशनं हात वर लावला. छत तोलणारा कैचीसारखा लोखंडी सांधा मिटला आणि त्याची बोटं मध्ये सापडली. तो ओरडला नाही. फक्त "अंकिता" म्हणाला.

मी खाली शिरले आणि पाठ लावली. अव्वा कापडाच्या घडीखाली गेल्या होत्या, त्यांचा हात तेवढा दिसत होता. मी त्यांना विचारत होते, अव्वा, लागलं का? एसीचा गार वारा थेट माझ्या मानेवर येत होता. पाठ मोडेल तर मोडू दे, हलायचं नाही, एवढंच डोक्यात.

शेजारचे मानसिंग आणि त्यांचा भाऊ धावत आले. त्यांनी बाहेरून छत उचलून धरलं. आधी संगमेशचा हात सुटला. मग अव्वांना काढलं. कपाळावर खरचटलंय. बाकी ठीक. बाहेर आल्यावर पाणी मागितलं.

१८ नोव्हेंबर

संगमेशच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली. मनगटापर्यंत प्लास्टर.

माझी पाठ काळीनिळी झालीय. आरशात बघायला वेळच झाला नव्हता, आज दिसली.

२० नोव्हेंबर

आता घरात मी दोन माणसांचं करते. दोघांची औषधं, दोघांची अंघोळ. संगमेशला शर्टाची बटणंसुद्धा लावता येत नाहीत. काल चिडला.

आज मी त्याचं ताट घेऊन आले तर अव्वांनी माझ्याकडून मागून घेतलं. दहीभात कालवला. त्यांचा हात कापतो, शितं सांडत होती. साठीला आलेला माणूस आईपुढं तोंड उघडून बसला. मी आत जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. कुणीही माझ्याकडं काही मागत नव्हतं. पाच मिनिटं असतील.

२४ नोव्हेंबर

आज बोलले. चहा झाल्यावर सरळ म्हटलं, "एसी काढायचा. कॅरिअर काढायचं. नाहीतर मी त्या डब्यात पाय ठेवणार नाही."

"युवराजनं स्क्रू बारीक घातले. मोठे घातले की—"

"संगमेश, मी खाली होते. वजन माझ्या पाठीवर होतं."

त्यानं प्लास्टरचा हात टेबलावरून खाली घेतला. मग म्हणाला, "अव्वाला उकडलं तर?"

"अव्वांना विचारलंस?"

विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं. दोघं त्यांच्या खोलीत गेलो. माझं माहेर वेळापूरचं, मला कानडी येत नाही, म्हणून मी असले की त्या मराठीत बोलतात.

"मला गार सोसत न्हाय," अव्वा म्हणाल्या. "मांड्या आखडत्यात. त्या दिवशीबी ह्याला ब्याड म्हटलं की. ऐकतोय कुटं."

ब्याड म्हणजे नको. एवढं मलाही कळतं.

१ डिसेंबर

युवराज घरी आला होता. फाटलेली फ्रेम काढून दाखवली — दांड्याची पट्टी चार स्क्रूंसकट लाकडातून उपटून आली होती. दांड्यांचा जोर वाढवला, पण ज्याला ते बसवले होते ते लाकूड जुनंच. त्यात रस्त्याचे दणके. तो खाली बघत म्हणाला, "मला वाटलं धरंल." करू नको असं आमच्यातलंही कुणी त्याला म्हणालं नव्हतं.

आता एसी उतरला. कॅरिअर उतरलं. खुर्च्या बोलेरोच्या डिकीत आडव्या मावल्या, आधी का बघितलं नाही कुणास ठाऊक. सोलरची एक प्लेट छताच्या मधोमध ठेवली, दुसरी मुक्कामाला उन्हात जमिनीवर मांडायची, लांब वायर लावून. दांडे पहिल्यासारखे हलके. पट्ट्यांच्या मागं अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लावून आरपार बोल्ट. आणि चारी कोपऱ्यांना लोखंडी टेकू. टेकू लागल्याशिवाय आत कुणी जायचं नाही, हा माझा नियम. संगमेशनं मान डोलावली.

८ डिसेंबर

छत एकटीनं उचललं. खांदा दुखला, पण उचललं.

गाडी आता मलाच चालवायची. डबा मागं घ्यायला शिकतेय. स्टिअरिंग एकीकडं वळवलं की डबा दुसरीकडं जातो. संगमेश डावा हात हलवून खुणा करतो, त्या मला कळत नाहीत. मानसिंगांच्या तुळशीचा कट्टा थोडक्यात वाचला.

दमले. पण हे दमणं वेगळं आहे, पाय धुतले की उतरतं.

१४ डिसेंबर

मैंदर्गी. अव्वांची धाकटी बहीण कमलम्मा इथं असते. लांबच्या प्रवासाआधी जवळ एक मुक्काम करून बघू म्हणून आलो. कमलम्माच्या घरामागच्या मोकळ्या जागेत डबा लावला, छत वर केलं, टेकू लावले.

कमलम्मा आत येऊन प्रत्येक कप्पा उघडून बघत होती. मग दोघी बहिणी पलंगावर बसल्या त्या दुपारभर. दार उघडं, खिडक्या उघड्या. कानडीत काय चाललं होतं देव जाणे, पण अव्वा हसत होत्या. दात नसलेलं मोठ्यानं हसणं. असं हसताना मी त्यांना पाहिल्याचं आठवत नाही.

मी कमलम्माच्या सोप्यात सतरंजीवर आडवी झाले ती चार वाजता उठले. कुणी उठवलं नाही.

१५ डिसेंबर

सकाळी अव्वांना कमलम्माच्या सुनेनं अंघोळ घातली. केस पुसत बसल्या आणि म्हणाल्या, "मी येत न्हाय. हितंच ऱ्हाते."

संगमेश कानडीत बोलायला लागला. त्यांनी मराठीत उत्तर दिलं, मला कळावं म्हणून असेल. "हाड जुळल्यापासनं सांगतेय तुला, मला मैंदर्गीला सोड. कमलाबी हो म्हनती. तू म्हनतोस लोक काय म्हनतील. लोक अंघोळ घालत न्हाईत मला. ही घालती."

मला कुणी हे सांगितलं नव्हतं. दोन वर्षं.

संगमेशनं माझ्याकडं बघितलं. मी त्यांना समजावीन असं वाटलं असावं. मी अव्वांची गोळ्यांची पिशवी आणली आणि कोणती कधी द्यायची ते सुनेला सांगत बसले. दोन्ही खुर्च्या उतरवल्या. अव्वांच्या पाया पडले. त्यांनी माझा दुखरा खांदा दाबला.

रस्त्याला लागलो. घरी सोलापूरला जायचं तर अक्कलकोटकडं वळायचं होतं. मी गाडी उलट, दुधनीकडं वळवली.

दुधनी मागं पडली तेव्हा संगमेश म्हणाला, "पुढं कर्नाटक लागतं."

"माहितीय," मी म्हटलं. "गोकर्ण तिकडंच आहे."