पाचपेडी वेणी आणि एक धपाटा

आई, इथूनच वाकून नमस्कार.

पार्लरमध्ये माझं बरं चाललंय, काळजी करू नकोस. बोटं आखडतात, पण गरम पाण्यात धरली की सुटतात. तुझे गुडघे कसे आहेत?

आज एका नवरीची पाचपेडी वेणी घालत दोन तास उभी होते. शेवटी रबर लावलं आणि सवयीनं तिच्या पाठीत धपाटा घातला, "चल, पळ शाळेत!" मालकीण बघतच राहिली. नवरी हसली, म्हणून नोकरी वाचली.

माझ्या लेकीला रोज वेणी घालताना तुझे हात भरून येतात, तर तिचे केस कापू का, असं विचारलंस. काप गं. फक्त आधी घट्ट वेणी घाल, रिबन बांध आणि मग वरून काप. ती वेणी तशीच ठेव. मी आले की सोडवीन.

तुझी,
थोरली