ताट संपेपर्यंत

२ एप्रिल, दुपार

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही ठीक आहोत, तूही ठीक असशील असं धरून चालते. तुझा फोन लागत नाही. हा नंबर अस्तित्वात नाही, असं ती बाई दर वेळी त्याच गोड आवाजात सांगते. पत्ता आत्याने दिला. तू तिला शपथ घातली होतीस म्हणे, पण आत्याच्या पोटात काही राहत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे, तेव्हा तिच्यावर चिडू नकोस.

दुकानातूनच लिहिते आहे. मालक जेवायला गेलेत आणि गिऱ्हाईक नाही. माझं काम तेच, चष्म्याचं. समोरच्याच्या डोळ्यापुढे एक काच धरायची, मग दुसरी, आणि विचारायचं, आता बरं दिसतं की मघाशी बरं होतं? दिवसभर विचारून विचारून तोंड दुखतं. काल एक आजोबा नवा चष्मा लावून बाहेर गेले आणि पाच मिनिटांत परत आले. म्हणाले, "बाई, काच चुकलीय. बायको एवढी म्हातारी दिसत नव्हती." आजी मागेच उभ्या होत्या. पुढचं मी लिहीत नाही.

आपल्या इमारतीत अखेर लिफ्ट आली. सगळा जन्म दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस इतकी वर्षं चार मजले चढून घरी येत होता, आता त्याच्या दारात लिफ्ट आहे. ती आपल्या मजल्यावर वीतभर खालीच थांबते. बाबा रोज तिच्यातून खाली जातात, वर येतात आणि दार उघडलं की त्या वीतभर फटीकडे बघून कपाळाला आठ्या घालतात. दुरुस्तीवाल्याला काही सांगत मात्र नाहीत.

बाबांचं काम बंद आहे. तब्येत तशी बरी. जेवतात, झोप लागते.

येत्या रविवारी ईस्टर. मुद्द्याचं तेच आहे, बाकी मी उगाच पाल्हाळ लावलं.

तू मागच्या ईस्टरला आलास आणि गेलास. आत्याकडे जाऊन जे बोललास ते तिने मला शब्द न शब्द सांगितलं. "इतक्या वर्षांनी गेलो, बाबांनी साधं विचारलं नाही कुठे होतास. मासा वाढला, पाव वाढला, बस. मी मेलो काय नि जगलो काय, त्या घरात कुणाला पडलेली नाही." आई गेली तेव्हा का आला नाहीस याचं उत्तर तू रस्ताभर घोकत आला होतास, असंही ती म्हणाली. कुणी विचारलंच नाही, म्हणून ते उत्तर तसंच घेऊन तू परत गेलास.

बारक्या, तू त्या घरात वाढलास ना? मग त्या सकाळी कुणी कुणाला काही विचारत नाही, हे तू कसं विसरलास?

तुला आठवत असेल तर ठीक, नसेल तर सांगते. वर्षभर बाबा स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा जात नसत. ईस्टरच्या पहाटे मात्र उपासनेहून आले की कोट काढायचे, बाह्या सारायचे आणि गॅलरीत कोळशाची शेगडी पेटवायचे. आईने त्या दिवशी चुलीला हात लावायचा नाही, बसून राहायचं. तिला ते जड जायचं. "मासा करपतोय," असं ती भिंतीकडे बघून म्हणायची. मासा करपायचाच. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई धडाधड खिडक्या लावून घ्यायच्या. मग बाबा स्वतः वाढायचे, आधी आपल्याला, मग आईला, शेवटी स्वतःला. आणि ताट संपेपर्यंत कुणी कुणाला जाब विचारायचा नाही. तू बाबांचा लिफ्टची वीज तपासायचा मीटर गच्चीवरून खाली टाकलास ते वर्ष आठव. आदल्या रात्रीपर्यंत घरात नुसता ज्वालामुखी होता. सकाळी त्यांनी तुझ्या ताटात सगळ्यांत मोठा तुकडा घातला आणि एक शब्द काढला नाही.

आपल्याला लहानपणी वाटायचं, ही सणाची सूट आहे. मी थोडी मोठी झाल्यावर शेगडीला वारा घालताना त्यांना विचारलं होतं, हे असं का? बाबांना दोनपेक्षा जास्त वाक्यं एका दमात बोलायची सवय नव्हती, त्यामुळे त्यांनी जे सांगितलं ते मला अजून तसंच आठवतं. म्हणाले, "ते सगळे शिष्य प्रभूला टाकून पळाले होते. पेत्राने तर ओळखतच नाही म्हणून सांगितलं, तेही तीनदा. मरणातून उठल्यावर एका सकाळी हा तळ्याच्या काठावर कोळसे पेटवून बसला आणि त्यांच्यासाठी मासे भाजले. का पळालात म्हणून विचारलं नाही. या, न्याहारी करा, म्हणाला."

थोड्या वेळाने त्यांनी लिफ्टचं सांगितलं. "अडकलेल्या माणसाला कुठलं बटण दाबलं म्हणून विचारू नये. तो आधीच घाबरलेला असतो. आधी बाहेर काढायचा, पाणी द्यायचं." त्यांचा धर्म आणि त्यांची नोकरी यांत त्यांना कधी फार फरक दिसला नाही.

म्हणजे मागच्या वर्षी ते गप्प होते ते तुझी पर्वा नव्हती म्हणून नाही. तू येशील असं कुणी सांगितलं नव्हतं, तरी बाबांनी एक मासा जास्त आणला होता. दर वर्षीच आणत होते. तू दारात दिसलास तेव्हा त्यांच्या हातातलं उलथनं शेगडीत पडलं. ते तुझ्याकडे बघत नव्हते हे खरं. त्यांना बघवत नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट तू पार विसरलास, ती म्हणजे शेवटचा प्रश्न. ताट संपलं की बाबा एकेकाला विचारायचे, "आपलं बरं आहे ना?" एवढंच. त्या गोष्टीतही न्याहारी झाल्यावर पेत्राला तीनदा विचारलंच होतं, माझ्यावर प्रेम करतोस का, म्हणून. आई चिडवायची, "अहो, तीनदा विचारायचं असतं." बाबा म्हणायचे, "मला एकदाच विचारून ऐकू येतं." तू लहान होतास तेव्हा हात न धुताच खेळायला पळायचास आणि जिन्यावरून ओरडायचास, "हो, हो, बरं आहे!" ते तिथे ताटकळत असायचे तुझ्या उत्तरासाठी, आणि तू तीन जिने खाली.

मागच्या वर्षी तू अर्धा मासा ताटात टाकून उठलास. प्रश्न त्यांच्या तोंडाशी आला होता, ताट संपायची वाट बघत होते. तू गेल्यावर बराच वेळ ते तुझ्या पाटासमोर बसले. मग तुझं उरलेलं ओढून घेतलं आणि खाल्लं. मी ताटं घासायला नेली.

एक गिऱ्हाईक आलं होतं, म्हणून मध्ये थांबले. वाचून बघितलं तर मी वर लिहिलंय की बाबांची तब्येत तशी बरी. ते खोडत नाही, पण पुरं करते.

थंडी सुरू होताना बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय आता काठीच्या आधाराने चालतो, हात नाही. आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, डॉक्टरांनी तपासून सांगितलं आहे. पण तोंडातून एकच शब्द येतो, 'हो'. चहा हवा का, हो. दुखतं का, हो. मालिश करणारा मुलगा त्यांना गमतीने विचारतो, माझं लग्न लावून द्याल का, हो. मी तुला कळवलं नाही. नंबर नव्हता हे निम्मं कारण. निम्मं असं, की मला तुझा राग येत होता. अजून येतो. आईला मी एकटीने पोहोचवलं, बाबांना एकटी उचलते, आणि तू तिकडे बसून म्हणतोस की तुला कुणी विचारलं नाही. मला तरी कुणी विचारलं?

असो. राग आहे, तो राहू दे. तो घेऊनच लिहिते आहे.

या रविवारी शेगडी पेटवायला कुणी नाही. मी पेटवू शकते, पण मी पेटवणार नाही. ते तू करायचं आहेस. मासा आण, करपव, त्यांना वाढ, तुकडे बारीक कर, त्यांना डाव्या हाताने खाताना त्रास होतो. ताट संपेपर्यंत मी एक अक्षर विचारणार नाही, आईचंसुद्धा नाही. पण या वेळी उठायचं नाही. ताटं संपली की शेवटचा प्रश्न तुला विचारावा लागेल, कारण त्यांना तो आता विचारता येत नाही.

उत्तराची काळजी करू नकोस, त्यांच्याकडे 'हो' सोडून दुसरा शब्दच नाही, असं मी लिहिणार होते. पण तुला फसवून बोलवायचं नाही. त्यांना नको असतं तेव्हाही ते 'हो'च म्हणतात, फक्त डावा हात बाजूला सारतात. गोळीला सारतात. माझ्या हातच्या पेजेला तर रोज सारतात. म्हणून शब्द ऐकायचा नाही, हात बघायचा.

काल संध्याकाळी मी त्यांना विचारलं, "बाबा, बारक्याला बोलवू?" ते म्हणाले, "हो." मी हात बघितला. त्यांनी माझी बाही धरली होती. आज सकाळी दुकानात निघताना त्यांनी ती पुन्हा धरली. पत्र लिहिते म्हणून मी शब्द दिला, तेव्हा कुठे सोडली.

तुझ्यावर रागावलेली, आणि रविवारी तुला काहीही न विचारणारी,

ताई