ऑर्व्हिलचं तळं

१९ जून १९७४, बुधवार

पोचलो एकदाचा! काय जागा आहे! सात तास चढून गुडघे बोंबलतायत, पण तळं पाहिलं आणि सगळा शीण पळाला. अर्ध्या तळ्यावर अजून बर्फ आहे, राखाडी, कुजका. अर्धं पाणी मोकळं. वरून ओढा येऊन मिळतो त्या तोंडाशी ग्रेलिंग मासे दाटीवाटीनं उभे आहेत, पाठीवरची जांभळी शिडं पाण्याबाहेर काढून. बर्फ फुटला की चार-सहा दिवस अंडी घालायला येतात, मग खोल पाण्यात गडप. ते दिवस ज्याला साधले तो राजा.

आणि साधले कुणाला? मला! नेब्रास्कातली लाकडाची वखार बंद पडली म्हणून मार्चमध्ये मी हॅस्किलला आलो आणि ऑर्व्हिल ब्रँटच्या गळ-काठ्यांच्या दुकानात लागलो. या गावातला माणूस एक वेळ आपलं खेचर उसनं देईल, पण आपलं तळं सांगायचा नाही. सख्ख्या मेव्हण्याला चुकीच्या डोंगरावर पाठवतात लेकाचे. ऑर्व्हिल तर त्या सगळ्यांचा बाप. दर जुलैत तो दुकानाच्या फळ्यावर लिहितो, वरच्या तळ्यांत ग्रेलिंग किती वाजता लागतात आणि पिसांच्या कुठल्या नकली माशीला. लांबलांबून लोक तो फळा वाचायला येतात. फळा कधी चुकत नाही. कुठून कळलं असं विचारलं की म्हातारा म्हणतो, मी मेल्यावर माझ्या थडग्याला विचारा.

तोच ऑर्व्हिल आज मला इथं स्वतः आणून सोडून गेला. म्हणाला, लॉइड, मला मूलबाळ नाही, आता जे आहे ते तुझंच. माझे तर डोळे भरून आले. ही वहीसुद्धा त्यानंच दिली. रोज लिही म्हणाला, बर्फ किती, पाणी कसं, कुठली माशी, किती वाजता. दहा दिवसांनी न्यायला येणार आहे. त्याची बायको हेझल सकाळी मोज्यांचे दोन जोड देऊन गळ्यात पडून रडली. मायाळू बाई.

एकच शपथ घातली होती त्यानं, जागा कुणाला सांगायची नाही. ती मी मोडलीय. गेल्या आठवड्यात ऑर्व्हिलनं वाट समजावली त्याच रात्री धाकट्या भावाला, मर्लला, नकाशा काढून पाठवला. सोमवारी येईल तो. फुशारकी मारल्याशिवाय राहवलं नाही, काय करणार!

२० जून, गुरुवार

पाणी हात बधिर करणारं. सकाळी दहापर्यंत मासे हलले नाहीत, ऊन पडल्यावर काळ्या बारीक माशीवर तुटून पडले. बावीस धरले, दोन ठेवले, बाकी सोडले. ताज्या ग्रेलिंगला रानओव्यासारखा वास येतो. डुकराच्या चरबीत तळून बोटं चाटत खाल्ले.

एकच गोष्ट खटकली. दुपारी पलीकडच्या काठावर एक माणूस गळ टाकून उभा होता. लाल चौकड्यांची टोपी. त्यानं हात केला, मीही केला, पण जेवण कडू झालं. तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही म्हणाला होता ना म्हातारा? मग हे कोण पाहुणे? इतकं वाईट वाटलं की संध्याकाळी गळ टाकलाच नाही.

२१ जून, शुक्रवार

ऑर्व्हिलवर उगाच चिडलो. किंवा उगाच नसेल. कळत नाही.

त्या टोपीवाल्याला चार शब्द सुनवावे म्हणून सकाळी काठाकाठानं पलीकडे गेलो. तिकडे कंबरभर ताजा बर्फ आहे. त्यावर पाऊल नाही. कुणाचंच. मागे वळून पाहिलं तर तो तळ्याच्या मधोमध उभा, कंबरेइतक्या पाण्यात. काल तिथंच गळ फेकून मी तीस हात दोरा सोडला होता आणि तळ लागला नव्हता.

दुपारी तिघं होते. भर उन्हात. गळ टाकतात, ओढतात, टाकतात. दोऱ्याला काही नसतं.

मासे आज लागले नाहीत. सगळे ओढ्याच्या तोंडाशी, माझ्याकडे तोंड करून.

२२ जून, शनिवार

मी राहतोय त्या खोपटाच्या जमिनीची एक फळी पायाखाली मोडली. खाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात वह्या. माझ्या वहीसारख्याच, मेणकापडी पुठ्ठ्याच्या. चोवीस.

प्रत्येकीत वेगळं अक्षर, वेगळं वर्ष. पहिल्या पानावर सगळे आनंदात आहेत. एकानं लिहिलंय, ऑर्व्हिलनं मला लेक मानलं. आणखी एकाला हेझलनं मोजे दिलेत. कुठली माशी, किती वाजता, सगळं नीट लिहिलेलं, आणि त्या ओळींखाली पेन्सिलीनं रेघा. ऑर्व्हिलची निळी पेन्सिल. दुकानात त्याच्या कानाला लावलेली असते तीच.

म्हणजे फळा चुकत नाही तो असा.

मेल्या, मी तुझी जळाऊ लाकडं फोडली. तुझ्या गुडघ्याला तेल चोळलं. बापाच्या जागी धरलं रे तुला!

हेझललाही ठाऊक होतं. मोजे दिले बाईनं, पण तोंडातून एक शब्द काढला नाही.

गेल्या वर्षीच्या वहीतला पोरगा लिहितो, आईनं लाल चौकड्यांची टोपी पाठवलीय. पुढे तीन पानं. मग अर्ध्या वाक्यात संपलंय. सगळ्याच अशा संपल्यात.

२३ जून, रविवार

पहाटेच निघालो. बाहेर पडायला एकच खिंड, बाकी तिन्ही बाजूंनी कडे. खिंडीत ते उभे. सात-आठ जण. अंगातून पाणी गळतंय, बर्फ मात्र ओला होत नाही. नुसते तळ्याकडे बोट करतात.

ओरडलो, शिव्या दिल्या, दगड मारले. मग रडलो. परत आलो.

डब्यातली सर्वांत जुनी वही आज वाचली, १९५०ची. अक्षर ऑर्व्हिलचंच. तीच एक वही अर्ध्यावर तुटत नाही. शेवटचं वाक्य पूर्ण आहे, खाली सहीसुद्धा. लिहितो, मी त्यांना म्हटलं, मला सोडा, दर वर्षी बर्फ फुटला की दुसरा माणूस आणून देतो. ते बाजूला झाले.

हलकट माणूस! सही करतो वर!

२४ जून, सोमवार

बर्फ सगळा गेला. पाणी काचेसारखं. ते आता इकडच्या काठाला आहेत. मोजले. तेवीस. चोविसावी वही ऑर्व्हिलची स्वतःची. खिंडीत उभे आहेत ते वेगळे, त्याच्याही आधीचे.

मर्ल येऊ नये. त्याची गाडी बंद पडावी. नकाशा हरवावा. देवा, त्याला—

दुपारी

खिंडीच्या वरून शीळ. लहानपणी वखारीत आम्ही घालायचो तशी. मर्ल. काठ्या खांद्यावर घेऊन उतरतोय, नाव घेऊन हाका मारतोय. विचारतोय, दादा, मासे लागतायत का.

सगळे त्याच्याकडे वळलेत—

आणि खिंडीतले बाजूला झाले. वाट मोकळी आहे. टोपीवाल्यानं माझ्याकडे बघून मान हलवली, शाबास म्हणावं तशी. मीच आणून दिला असं समजतायत—

नाही रे, मी नाही, मी फक्त फुशारकी—

ओरडलो तर तो थांबेल. परत फिरेल. त्याच्यात नि त्यांच्यात अजून शंभर पावलं आहेत. एक हाक पुरे. मग वाट बंद होईल माझी.

तो हात हलवतोय. हसतोय.

मी अजून ओरडलो नाही. लिहितोय. का लिहितोय मी? आधी हाक मारायला—

साठ पावलं—