उद्या पाडायची भिंत

३ सप्टेंबर २०२४, मंगळवार
गवंडीकामाचा क्लास सुरू. संस्थेनं मला मास्तरीण केलं. शाळा चौथीपर्यंत, पण तीस वर्षं थापी हातात हाय. बारा बायका-पोरी आल्या.
लातूर इथून तासाभरावर. रोज सकाळी पाशामियाँची जीप गावातली कामाची माणसं भरून तिकडं नेते, पोरांची होस्टेलं बांधायला. माझी पोरगी लुंबिनीबी निघाली होती. क्लास टिकला तर संस्था तिला मदतनीस म्हणून ठेवणार. म्हणजे पोर घरी. दोन महिन्यांत त्याची जीप रिकामी पळायला लावते.
नियम सोपा हाय. पाचशे विटा, चिखलात लावायच्या. सकाळी भिंत घालायची, संध्याकाळी पाडायची, विटा पुसून दुसऱ्या दिवशी परत घालायची. आज पाडली न्हाई. पहिलाच दिवस. पोरींना जरा बघू दे.

४ सप्टेंबर
कालची ओली हाय. ओल्यात पाडली की विटा फुटतात. दुसरी घातली, कोपऱ्याला कोपरा जोडून. जागा वाचते. उद्या दोन्ही पाडू.

६ सप्टेंबर
क्लासच्या शेडपुढं चार भिंती झाल्या, कमरेएवढ्या. एकीत दार सोडायचं शिकवलं. ओळंबा लावला, एकदम सरळ. असल्या भिंती कोण पाडंल?
विटा संपल्या. चूक संस्थेची. पाचशे विटांत काय होतं.
लुंबिनी म्हणाली, आये, मी पाडते, दहा मिनिटांचं काम. मी म्हणलं, हातोड्याचा दांडा ढिला हाय. हातोडा ज्वारीच्या पिठाच्या डब्यात ठेवला. गंजू नये म्हणून.

१० सप्टेंबर
विटा न्हाईत, म्हणून तोंडी शिकवते. थियरी लई महत्त्वाची. तिघी जीपनं गेल्या.
पाशामियाँ म्हणाला, नागुबाई, लातूरचा मुकादम म्हणतो तुमच्या पोरींना थापी धरता येते, चालवता येत न्हाई. मी म्हणलं, आधी तुमच्या जीपला ब्रेक हायेत का बघा. म्हणाला, ब्रेक हायेत म्हणून तर रोज तुमच्या क्लासपुढं थांबतो.
म्हातारा चावट हाय.

१३ सप्टेंबर, दुपारी तीन
आणखी दोघी गेल्या. बऱ्या गेल्या, आळशी होत्या.
सगळ्या जेवायला गेल्यावर भिंतींच्या आतून कुणी हाक मारली. नागे. आत जाऊन बघितलं. कुणी न्हाई. पत्रा वाजला असंल. मला नागे म्हणणारं आता कुणी राहिलं न्हाई.
भिंतीला कान लावून बसले, चिखल वाळला का बघायला. मग ओळंबा परत लावला. अकरा वेळा. हलली न्हाई.

१९ सप्टेंबर
लुंबिनी टेप घेऊन मोजत बसली. म्हणाली, आये, आतून साडेआठ बाय दहा फूट, बरोबर. तू तर टेप हातात घेतला न्हाईस. मी म्हणलं, अनुभव. म्हणाली, दार असं कोपऱ्यात कशाला सोडलं? मी म्हणलं, सिलॅबसमधी हाय.
जुन्या गावात आमचं दार कोपऱ्यात होतं. चुलीचा धूर तिथून जायचा. त्याचा इथं काय संबंध न्हाई. उगी आठवलं.

२५ सप्टेंबर
संस्थेचे मृत्युंजय साहेब लातूरहून आले. म्हणाले, बाई, क्लास घ्या म्हणलं तर तुम्ही घर बांधून बसलात. चौघी उरल्या आणि एकीलाबी पुरती भिंत घालता येईना. सोमवारी सकाळी दहाला परीक्षा. तेव्हा विटा मोकळ्या पाहिजेत. न्हाई तर क्लास बंद आणि मदतनीसबी न्हाई.
मी विचारलं, तीस तारीखच का? म्हणाले, का, सुट्टी हाय का? न्हाई म्हणलं. वर हसून म्हणाले, कमरेएवढी तर भिंत, कुणावर पडणार हाय?
झोपलेल्या माणसाला कमरेएवढी पुरते. पण त्यांना कोण सांगत बसंल. मला कामं हायेत.

२९ सप्टेंबर
हातोडा काढला. पीठ झटकलं. उद्या सहाला पाडणार म्हणजे पाडणार. उद्याच भूकंपाला एकतीस वर्षं होतात. तेव्हा पंधरा वर्षांची होते, आईवरची भिंत हातानं काढली. एक एक दगड. मग ही काय, चिखलाची.

३० सप्टेंबर, सोमवार
सहाला आत गेले. हातोडा उचलला. मग जरा बसले, गुडघा दुखतो.
लुंबिनी आली. म्हणाली, आये, बाहेर ये, मी पाडते. मी म्हणलं, पाडू नको, आत माणूस हाय. कोण, म्हणाली. मी सांगितलं न्हाई.
तिनं हातोडा बाजूला ठेवला. वरच्या थरापासून एक एक वीट हातानं काढली आणि माझ्या हातात दिली. आवाज होऊ दिला न्हाई. काम उरकायला एक वाजला. साहेब दहाला आले, जरा वेळ बघत उभे राहिले, मग शेडला कुलूप लावून गेले.
एकबी वीट फुटली न्हाई. पोरीचा हात लई चांगला हाय. आज जीपची दुपारीबी एक खेप होती, त्यातनं दोनला लातूरला गेली. मुकादम लगेच ठेवून घेईल.
पाशामियाँ म्हणाला, नागुबाई, एक सीट रिकामी हाय, तुम्हीबी चला. आज चेष्टा करत नव्हता. मी म्हणलं, जमत न्हाई, माझा क्लास हाय.
विटा भिजत घातल्या. उद्या लागतील.