गियरबॉक्सचं झाकण देव झालं

तीर्थस्वरूप खंडेरावमामांच्या चरणी,

सिन्नरच्या वर्कशॉपातून संतोषचा साष्टांग नमस्कार (उजवा हात ग्रीसने माखलाय, तेवढा सोडून). तुमची शुगर कशी आहे? अक्काबाई मामींचे गुडघे? मी मजेत आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. फोन तुम्ही उचलत नाही आणि मेसेजला नुसते जोडलेले हात पाठवता, म्हणून हा कागद.

तर मामा, तुमच्या पाणी सोसायटीचा पंप. तुम्ही चेअरमन, मी भाचा, तेव्हा दुरुस्तीचं काम मलाच देऊन तुम्ही माझं कल्याण केलंत. त्या कल्याणाचीच ही कहाणी. नदीकाठच्या पंपघरात शिरलो तर पंपावरचा गियरबॉक्स दिसेचना. त्याच्या जागी एक शेंदरी, तेलकट, गलेलठ्ठ देव, गळ्यात रुईच्या पानांची माळ! चौकशी केली. कळलं की काही वर्षांपूर्वी गियरबॉक्स भयंकर घरघरायला लागला, तेव्हा मेकॅनिक बोलवायचं सोडून तुम्ही त्याला शेंदूर फासलात आणि आवाज तत्काळ बंद पडला. (डिझेल संपलं होतं, असं इंजिन चालवणारा झुंबर म्हणतो. पण तो पडला नास्तिक.) तेव्हापासून दर शनिवारी आख्खं गाव त्याच्यावर तेल ओततंय. वरून! अहो मामा, गियरबॉक्सला तेल पोटात लागतं, टाळूवर नाही. आतलं तेल किती आहे ते दाखवणारी काच असते, तीसुद्धा शेंदराखाली गडप. उघडला तर बाहेरून पहिलवान आणि आतून कोरडा ठणठणीत. दातांचं बोळकं, बेअरिंगचा भुगा. इतकी वर्षं उपाशीपोटी त्याने गावाला पाणी पाजलं. खरं सांगतो, आधी मला रडू आलं आणि मग तुमचा राग आला.

शेंदूर खरवडायला छिन्नी लागली. झाकण पंपघराच्या ओट्यावर ठेवलं आणि बाकीचा ऐवज घेऊन सिन्नरला आलो. नवे गियर पाडून घेतले, बेअरिंग बदलले, शाफ्ट सरळ केला. जीव ओतला मामा, कारण ही द्राक्षाचे मणी फुगायची वेळ. आमच्या धोंडाबाई आत्याची बाग याच पाण्यावर आहे, एकट्या बाईने उभी केलेली. मणी आत्ता फुगले नाहीत तर पिंपळगावच्या बाजारात तिच्या घडांना कोणी हुंगणारही नाही. टेम्पोत सगळं घालून परत गेलो, तर ओट्यावर झाकणच नाही!

झाकण उंबराखाली. चौथरा, पत्रा, घंटा, दानपेटी, सगळं तयार. मामींच्या हस्ते पहिली आरती झालेली. झाकणाला चांदीचे डोळेही बसवलेत, आणि ते कुठे? बोल्टच्या भोकांत! मी म्हटलं, झाकणाशिवाय पंप चालणार नाही. तर तुमची कमिटी म्हणे, "देव हलवत नाय भाऊ, लय पाप लागंल. तू दुसरं आण." कुठून आणू? ते मॉडेल कंपनीने केव्हाच बंद केलंय. आणि हीच मंडळी त्या झाकणापुढे नवस काय बोलतात? तर पंप लवकर चालू होऊ दे! देव बिचारा आत्ता उठून पंपावर जाऊन बसेल, पण त्याला हलू कोण देतंय? गावात आलो की आत्या मला बागेत नेऊन मलूल पानं दाखवते. मी खाली मान घालून उभा राहतो.

असो. मामींना नमस्कार, तेजलला आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक भाचा,
संतोष

ता. क. : येत्या शनिवारी आरतीला तुमच्या अंगात देव यायला हवा. दरवर्षी जत्रेत येतोच, तेव्हा सवय आहे. त्याने एवढंच बोलायचं : मला माझ्या जागेवर बसवा, आणि यापुढे तेल डोक्यावर नको, तोंडात घाला. गियर ऑइलच. खोबरेल चालणार नाही, हेही त्याच दमात सांगून टाकावं.

आणखी एक : गावाला श्रद्धा ठेवायला सांगून तुमच्या बागेत मागच्या वाटेने टँकर जातोय. त्या टँकरचा पंप बिघडला, तो माझ्याकडेच दुरुस्तीला आलाय, आणि ड्रायव्हर भलताच बोलका आहे. धोंडाबाई आत्याला मी अजून काही सांगितलेलं नाही. शनिवारी आरतीला मी तिच्या शेजारीच उभा असेन.