बारा आठवड्यांनी परत या

३ मार्च २०२५, सोमवार

पोटुशी मिनल, आणि बोलावणं मला! कंपनीच्या कँटीनमधल्या चपात्या दुसरीच्या गळ्यात मारून चाकणवरनं निगडीला आले, तर डॉक्टरीण मलाच विचारते — तुमची किती पडली? सगळा बाक ऐकत होता. तीन, म्हणलं. मिनलच्या पाठची. आता काय करायचंय मोजून?

मिनलची दोन गेली. हे तिसरं, पाचवा महिना. रोज पोटात इंजेक्शन, वर एक बारकी गोळी. आपलंच शरीर आपल्या रक्ताच्या गाठी करतं म्हणे. वारेत गाठ झाली की बाळाला काही पोचत नाही. दोन वर्षांमागं माझ्या पायात गाठ झाली, तेव्हापासून मी पण गोळीवर. उभं राहून राहून झाली म्हणायचे सगळे. मागच्या खेपेला माझं पण रक्त घेतलेलं, आज रिपोर्ट आला — मिनलचं तेच माझं!

आईकडून येतंच असं नाही, डॉक्टरीण म्हणाली. मग बघत का होती तशी?

म्हणाली, जुने कागद आणा. रोजची गोळी वहीत लिहा. आणि पक्कं करायला बारा आठवड्यांनी परत या.

हे मी आधी ऐकलंय. कुठं?

४ मार्च

गोळी घेतली.

५ मार्च

आठवलं. तिसरं गेलं तेव्हा, २००३ साली. मी पडलेली. नर्स दाराबाहेर कुणाला तरी बजावत होती — बारा आठवड्यांनी आणा हिला परत, विसरू नका! मला कुणी नेलंच नाही. मी विचारलं पण नाही. अक्कल कुठं होती तेव्हा.

दवाखान्याची रीतच ती. नातेवाईक कोण, नातेवाईक कोण ओरडत येतात. जिचं पोट, ती समोर पडलेली, तिला कोण सांगतंय!

दाराबाहेर मिनलचे बाबाच असणार. दुसरं कोण? वर्षाच्या आत माझं मूल बंद करायचं ऑपरेशन पण झालं. एक मुलगी आहे, पुरे. सही त्यांची.

त्यांना कागद मागितले. म्हणाले, "बावीस वर्षांच्या कागदाचं काय लोणचं घालणार?" हसले. मला नाही हसू आलं. जुन्या कागदांच्या ट्रंकेला कुलूप कशाला लागतं माणसाला?

६ मार्च, गुरुवार

कंपनीला सुट्टी. ते भाजी आणायला गेले, मी किल्ली काढली. पगाराच्या चिठ्ठ्या, शिफ्टची कार्डं, आणि पहिल्या दोन वेळचे दवाखान्याचे सगळे कागद, सुतळीनं बांधलेले. तिसऱ्याचा एकपण नाही! बरोबर तेवढाच नाही!

परत आले. ट्रंक उघडी, मी समोर बसलेली. ओरडले नाहीत. "तिसऱ्या वेळी तू माहेरी होतीस. मला नाइट लागलेली. मी आलो तर सगळं उरकलेलं," म्हणाले. ऑपरेशनचं विचारलं. "तुझ्या आईनं ठरवलं. मी सही केली."

सगळं आईवर ढकलायला सोपं! विश्वास नाही माझा.

९ मार्च

गोळी घेतली. त्यांच्याशी बोलत नाही. बिनसाखरेचा चहा टेबलावर ठेवते आणि जाते.

१३ मार्च, गुरुवार

चिंचवडला आईकडं गेले. कागद विचारले. "उंदरांनी खाल्लं गं." लगेच! आठवायला एक मिनिटपण नाही लागलं. एरवी चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही.

मग मलाच म्हणते, "मिनलच्या सासरी कळलं का इंजेक्शनचं?" नाही, म्हणलं. पुनावळ्याला फक्त आराम सांगितलाय. पोरगी माझ्याकडंच आहे, इंजेक्शनं रव्याच्या डब्यात. सासू अचानक आली तर दिसायला नको.

आईनं पाठीवर हात ठेवला. "शाणी हायस. रक्तात खोट हाय म्हणल्यावर कोण नांदवतंय?"

बरं वाटलं तेव्हा. येताना बसमध्ये नाही वाटलं.

१४ मार्च

धुळवड. दुपारी भावजय आली, रंगानं लाल झालेली, हातात पिशवी. "सासूबाईंच्या गोधडीत शिवलेली होती. तुम्ही विचारत होता ना काल?"

आत तिसऱ्या वेळचा कागद. उंदराचा एक दात नाही त्याला.

वरचं इंग्रजी मिनलनं वाचलं. आपल्या आजाराचं तेच नाव, आई, म्हणाली. खालचं मराठी मी वाचलं. दोनदा वाचलं. "बारा आठवड्यांनी परत तपासणी. पुढच्या वेळी पहिल्यापासून इंजेक्शन दिल्यास मूल राहू शकते. नातेवाईकांस समजावून सांगितले."

खाली निळा अंगठा. शेजारी लिहिलंय — जाईबाई, रुग्णाची आई.

मिनलच्या बाबांना चहा हातात दिला. "साखर आहे आज," म्हणाले.

१५ मार्च

इंजेक्शनं रव्याच्या डब्यातनं काढून टीव्हीशेजारी ठेवली. मिनलला विचारून तिच्या सासूला फोन लावला, सगळं सांगितलं. ती बाई म्हणाली, "टोचतं कोण तिला?" ती स्वतःच, म्हणलं. "मला शिकवा." फोन ठेवून मी ओट्याशी उभी राहिले नुसती.

मग भावाला फोन केला. आईला दे म्हणलं. आई, कागद सापडला. मला का नाही सांगितलं, एवढंच पाहिजे. उंदीर-बिंदीर चालणार नाही. गुरुवारी सुट्टी आहे मला. गुरुवारी उत्तर दे.